जुन्या ग्रामोफोनच्या भागांवरचे नंबर कसे वाचावेत आणि त्यावरून साल कसं काढावं

कुंभारवेशीजवळच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी एखादा साउंडबॉक्स, म्हणजे ग्रामोफोनची सुई बसते ती गोल डबी, हातात घेतला की विक्रेता हमखास त्याच्या पाठीवर बोट ठेवतो. "नंबर बघा साहेब, ओरिजिनल आहे. इंग्रजांच्या काळातला." नंबर असतोही. पाच-सहा आकडी, थोडा झिजलेला. घेणारा खूश होतो, पैसे मोजतो, आणि घरी येऊन मला फोटो पाठवतो: "हा किती सालचा?"

उत्तर बहुतेक वेळा त्या एका फोटोत नसतं. नंबर ज्या भागावर मारलाय त्या भागापुरताच बोलतो, अख्ख्या यंत्राबद्दल नाही. शंभर वर्षांत पुण्यातल्या कुठल्या ना कुठल्या दुरुस्तीवाल्याने एकाची मोटर दुसऱ्याच्या पेटीत बसवलेली असते, तिसऱ्याचा टोनआर्म, म्हणजे साउंडबॉक्स धरणारा दांडा, लावलेला असतो. त्यात काही वाईट नाही, त्यामुळेच ती यंत्रं वाजत राहिली. पण साल काढायचं असेल तर प्रत्येक भागाची चौकशी वेगळी करावी लागते आणि मग सगळ्यांची उत्तरं एकमेकांशी जुळतात का ते पाहावं लागतं. मी गेली अनेक वर्षं हे ज्या क्रमाने करतो, तोच क्रम इथे देतो.

हात लावण्याआधी

सर्वात आधी ब्रासो बाजूला ठेवा. मी सुरुवातीच्या काळात एका मोटरची पितळी पाटी चकचकीत करायला घेतली आणि नंबरातले शेवटचे दोन आकडे माझ्याच हातांनी पुसले. ते परत येत नाहीत. पाटीवरचा ठसा कित्येकदा केसाच्या जाडीइतकाच खोल असतो. लाकडावरची सोनेरी अक्षरं तर नुसती चिकटवलेली ट्रान्सफर असतात. थिनरचा बोळा फिरला की अक्षरं बोळ्यावर येतात. वाचन आणि फोटो पूर्ण होईपर्यंत कोरडा मऊ टूथब्रश आणि सुती कापड, एवढंच वापरायचं.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. मोटर बाहेर काढण्याआधी ब्रेक सोडा आणि टर्नटेबल आपणहून थांबेपर्यंत फिरू द्या. चावी भरलेल्या स्प्रिंगसकट मोटर उचकटली तर बोटं जाऊ शकतात. आणि स्प्रिंग ज्या गोल डब्यात गुंडाळलेली असते तो डबा नंबर पाहण्यासाठी उघडायची कधीच गरज नसते. त्याच्या बाहेरूनच जे दिसेल ते पाहा.

सामान साधंच लागतं: दहा पट मोठं दाखवणारं भिंग, छोटा टॉर्च, शाळेतला पांढरा खडू, ६बी पेन्सिल, बटर पेपर, मुलांची क्ले आणि मोबाईल. पट्टी हवी, शक्यतो इंच आणि मिलिमीटर दोन्ही असलेली.

नंबर कुठे शोधायचे

समोरची पाटी सगळेच बघतात. खरा मजकूर मात्र जिथे कुणाची नजर जात नाही तिथे असतो, कारण तिथे कुणी पॉलिशही केलेलं नसतं.

टर्नटेबल सरळ वर उचला. घट्ट बसलं असेल तर दोन्ही बाजूंनी सारखा जोर लावून वर ओढत, मधल्या दांड्यावर लाकडी तुकड्याने हलकेच ठोका. थाळीच्या पोटाशी, मखमलीच्या मागे, बऱ्याचदा ओतीव अक्षरं सापडतात. मग मोटर जिच्यावर टांगलेली असते ती फळी उलटी करा. मोटरच्या सांगाड्याच्या बाजूच्या पट्ट्या, गव्हर्नरजवळचा (मोटरचा वेग सारखा ठेवणाऱ्या भागाजवळचा) कंस, स्प्रिंगच्या डब्याचं झाकण, चावीच्या दांड्याचं तोंड, हे सगळं एकेक करून पाहा. फळीच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने किंवा रबरी शिक्क्याने लिहिलेले आकडे असू शकतात. पेटीच्या आतल्या भिंतीवर, झाकणाच्या कोपऱ्यात दुकानदाराची चकती. टोनआर्मच्या बुडाशी. साउंडबॉक्स काढून त्याची पाठ आणि कड. भोंगा असेल तर त्याच्या मानेजवळचा पट्टा.

भोंग्याबद्दल एक सूचना पुणेकरांना मुद्दाम करतो. पितळी भोंग्याचे पोचे काढून घ्यायला तांबट आळीसारखी जागा नाही, तिथले हात तयार आहेत. पण ठोकण्याआधी भोंग्याचा इंच न् इंच फोटो काढून ठेवा. ठोकाईत मानेवरचा बारीक शिक्का सपाट होतो, आणि कारागिराला तिथे काही आहे याची कल्पनाही नसते.

पुसट ठसा वाचायच्या युक्त्या

खोलीत अंधार करा आणि टॉर्च भागाला जवळजवळ चिकटवून, अगदी तिरका धरा. समोरून पडलेल्या उजेडात जो आकडा दिसत नाही, तो तिरक्या उजेडात सावलीमुळे उठून येतो. चारही बाजूंनी उजेड फिरवत चार फोटो घ्या, कारण एकाच दिशेच्या उजेडात आकड्याची एखादी रेघ हमखास हरवते.

तेवढ्याने भागलं नाही तर खडू ठशावर आडवा घासा आणि वरचा थर बोटाने पुसून टाका. खाचेत पांढरी भुकटी उरते. सपाट पाटीवर बटर पेपर ठेवून ६बी पेन्सिल हलक्या हाताने फिरवली तर छान छाप येते. वाकड्या जागी, म्हणजे साउंडबॉक्सच्या कडेवर वगैरे, क्ले दाबून छाप घ्या आणि तिचा फोटो मोबाईलमध्ये आरशासारखा उलटा करून वाचा.

आकडे वाचताना ३ आणि ८, १ आणि ७, ५ आणि इंग्रजी एस, ८ आणि बी यांचा घोळ होतोच. मी घरातल्या दोघांना वेगवेगळं वाचायला देतो, आधी माझं वाचन न सांगता. तिघांचं जुळलं तरच आकडा वहीत शाईने लिहायचा. न जुळलेला आकडा पेन्सिलीने, प्रश्नचिन्हासह.

हा आकडा नक्की कसला?

बहुतेक चुका इथे होतात. एका यंत्रावर सहा प्रकारचे आकडे असू शकतात आणि लोक जो पहिला दिसेल तो अनुक्रमांक धरतात. एका गृहस्थांनी मोटरच्या सांगाड्यावरचा १९०४ हा आकडा साल समजून यंत्र विकत घेतलं होतं. तो ओतकामाच्या साच्याचा नंबर होता, मोटर त्याच्या पंचवीसेक वर्षांनंतरची.

साधी ओळख अशी. आकडा धातूतून वर उठलेला असेल, कडा गोलसर असतील, तर तो साच्यातच होता. म्हणजे तो त्या नमुन्याच्या प्रत्येक भागावर तसाच असणार. तो सुट्या भागाचा क्रमांक. आकडा धातूत आत ठोकलेला असेल, एकेका आकड्याची खोली आणि सरळपणा थोडा कमीजास्त असेल, तर तो त्या एकाच नगासाठी मारलेला असण्याची शक्यता मोठी. अनुक्रमांक असाच असतो. सुईने किंवा दाभणाने ओरखडून लिहिलेला आकडा दुरुस्तीवाल्याचा: त्याची पावती, तारीख किंवा गिऱ्हाइकाची खूण. तोही टिपून ठेवा. अशा ओरखड्यात कधी कधी दुरुस्तीचं सालच मिळतं.

पेटंटचा आकडा आणि डिझाइन नोंदणीचा आकडा यांच्या आधी बहुधा तसं लिहिलेलं असतं. आणि मॉडेलचा आकडा छोटा असतो, दोन-तीन आकडी, सोबत एखादं अक्षर. एचएमव्हीचा (हिज मास्टर्स व्हॉइस, ग्रामोफोन कंपनीचा मार्का) १०१ किंवा १०२ हा मॉडेल नंबर आहे. "माझ्या ग्रामोफोनचा नंबर १०२, म्हणजे फार सुरुवातीचा" असं म्हणणारे बरेच भेटतात. १०२ हे १९३१ मध्ये आलेलं पोर्टेबल मॉडेल आहे आणि ते १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बनत राहिलं. पुण्यातल्या वाड्यांच्या माळ्यांवरून जे सर्वात जास्त उतरतात त्यांत तेच असतं. त्याआधीचं १०१ हे १९२५ ते १९३१ या काळातलं.

तबकडीवरच्या आकड्याचा यंत्राशी काहीएक संबंध नाही. पेटीसोबत आजोबांच्या बालगंधर्वांच्या तबकड्या मिळाल्या तर त्या जपून ठेवा, पण त्यांच्यावरून यंत्राचं साल काढू नका. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आपल्याकडे १९६० च्या दशकातही निघत होत्या आणि लोक त्या तीस वर्षं जुन्या यंत्रावर आनंदाने ऐकत होते.

आकड्याआधी नाव वाचा

माझ्या अनुभवात अनुक्रमांकापेक्षा कंपनीचं पूर्ण नाव जास्त भरवशाचं. कंपन्यांची नावं बदलत गेली आणि ती कधी बदलली हे पक्कं ठाऊक आहे.

मुळात यंत्राला काय म्हटलंय तेच पाहा. फोनोग्राफ हा शब्द एडिसनचा. त्याने १८७७ मध्ये पत्र्यावर आवाज उतरवला, त्याचं अमेरिकन पेटंट २,००,५२१ हे फेब्रुवारी १८७८ चं. ग्राफोफोन म्हटलं की अमेरिकन ग्राफोफोन आणि कोलंबिया. ग्रामोफोन म्हणजे एमिल बर्लिनरची सपाट तबकडी, पेटंट ३,७२,७८६, नोव्हेंबर १८८७. आपण मराठीत सगळ्यालाच ग्रामोफोन किंवा फोनो म्हणतो, पण पाटी लिहिणारे वकील हे शब्द मोजूनमापून वापरत.

एडिसनच्या नळकांडी यंत्रावर (त्यात तबकडीऐवजी नळकांडं वाजे) नॅशनल फोनोग्राफ कंपनी असं असेल तर ते १८९६ ते १९११ यांमधलं. थॉमस ए. एडिसन, इन्कॉर्पोरेटेड असेल तर १९११ किंवा नंतरचं, आणि १९२९ च्या पुढे जायचं कारण नाही, कारण त्या वर्षाच्या शरद ऋतूत एडिसनने फोनोग्राफचा धंदा बंद केला.

लंडनची ग्रामोफोन कंपनी १८९८ ची. डिसेंबर १९०० मध्ये तिने टाइपरायटरही विकायला घेतले आणि नाव झालं ग्रामोफोन अँड टाइपरायटर लिमिटेड. टाइपरायटर काही चालला नाही आणि १९०७ च्या अखेरीस ते नाव गेलं. त्यामुळे कुठल्याही भागावर टाइपरायटर हा शब्द असला की सात वर्षांची खिडकी आपोआप मिळते. कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात गायिका गौहर जानचं ध्वनिमुद्रण करत होता तो याच खिडकीतला काळ. असा शब्द असलेला भाग पुण्यात हाती लागला तर तो कुठल्याही किमतीला पॉलिशवाल्याकडे देऊ नका.

या कंपनीचा हेझ, मिडलसेक्स हा पत्ता असेल तर १९०७ किंवा नंतर. ईएमआयचं नाव असेल तर १९३१ नंतर, कारण ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया त्या वर्षी एकत्र आल्या. आपल्याकडच्या, कोलकात्याच्या कारखान्याचा पत्ता सियालदह असेल तर १९०८ नंतरचा, डमडम असेल तर १९२८ नंतरचा. अमेरिकेत व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनी १९०१ ते १९२९. त्यानंतर आरसीए व्हिक्टर. व्हिक्टरच्या काही पाट्यांवर हे यंत्र ठरलेल्या किमतीखाली विकू नये अशी परवान्याची लांबलचक ताकीद असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये त्या पद्धतीला नकार दिला, म्हणून तशी पाटी साधारण त्याआधीची धरायची.

आणि तो कुत्रा. कर्ण्यासमोर बसलेल्या निपरचं चित्र कंपनीने १८९९ मध्ये विकत घेतलं आणि जाहिरातींत वापरलं, पण ब्रिटिश कंपनीच्या तबकड्यांच्या लेबलवर तो १९०९ पासून आला. त्याआधी पिसाने तबकडीवर लिहिणारा देवदूत असे. त्यामुळे कुत्रा दिसला म्हणून यंत्र १९०० चं ठरत नाही. शिवाय कुत्र्याचं चित्र आजही स्टिकरवर छापून मिळतं.

पेटंट आणि डिझाइनचे आकडे

पेटंटचा आकडा एकच गोष्ट ठामपणे सांगतो: हा भाग याच्या आधीचा नाही. नंतरचा कितीही असू शकतो. अमेरिकन पेटंट सतरा वर्षं टिके आणि तोवर कंपनी तो आकडा छापतच राही.

अमेरिकन पेटंटांचे आकडे सलग चालतात, म्हणून चार खुणा लक्षात ठेवल्या तरी पुरे. १९०० ची सुरुवात ६,४०,१६७ ने, १९१० ची ९,४५,०१० ने, १९२० ची १३,२६,८९९ ने आणि १९३० ची १७,४२,१८१ ने. मधल्या आकड्याला अंदाजाने जागा देता येते. पाटीवर पेटंटच्या तारखांची लांब यादी असेल तर सगळ्यात शेवटची तारीख शोधा, बाकीच्या विसरा. यादी तारखांच्या क्रमाने असेलच असं नाही, म्हणून पूर्ण वाचा.

ब्रिटिश पेटंटमध्ये एक खोच आहे. १९१५ पर्यंत दर वर्षी आकडे पुन्हा एकपासून सुरू होत, म्हणून तिथे आकड्याबरोबर साल लिहावंच लागे: १२४०० आणि मग तिरकी रेघ देऊन ०८, असं. १९१६ पासून १,००,००१ पासून सलग मालिका सुरू झाली. म्हणजे ब्रिटिश यंत्रावर साल नसलेला सहा आकडी पेटंट नंबर दिसला की भाग १९१६ च्या आधीचा नाही. इतकी सोपी आणि इतकी उपयोगी खूण दुसरी नाही, आणि तरी ती फारच थोडे जण पाहतात.

आरडी नंबर, म्हणजे ब्रिटनमधली डिझाइन नोंदणी, १८८४ मध्ये एकपासून सुरू झाली. १९०० च्या सुरुवातीला ती साधारण ३,५१,००० वर होती, १९२० ला ६,७३,००० च्या आसपास, १९३० ला ७,५१,००० च्या आसपास. सुयांच्या डब्या, झाकणाचे कोयंडे, पोर्टेबलच्या कोपऱ्यांच्या पट्ट्या यांवर हे आकडे सापडतात.

जर्मन भागांवर डी.आर.पी. हे पेटंट आणि डी.आर.जी.एम. ही छोट्या सुधारणांची नोंदणी. दुसरी १८९१ मध्ये सुरू झाली. मेड इन जर्मनी हे शब्द ब्रिटनच्या १८८७ च्या कायद्यामुळे मालावर येऊ लागले. वेस्टर्न जर्मनी असं असेल तर ते दुसऱ्या महायुद्धानंतरचं, त्यात वाद नाही.

आता अनुक्रमांक

इतकं झाल्यावर अनुक्रमांकाला हात घालायचा. तो मॉडेलसोबतच वाचायचा असतो. व्हिक्टरने प्रत्येक मॉडेलला वेगळी मालिका दिली होती. म्हणून एका मॉडेलचा ५,००० आणि दुसऱ्याचा ५,००० यांत वर्षांचं अंतर असू शकतं. "नंबर लहान म्हणजे यंत्र जुनं" हे फक्त एकाच मॉडेलच्या आत खरं.

एडिसनच्या पाटीवर आकड्याआधी मॉडेलचं अक्षर असतं: स्टँडर्डला एस, होमला एच, जेमला जी. नळकांड्यावरून सरकणाऱ्या कॅरेजमध्ये बसणाऱ्या रिप्रोड्यूसरवर (आवाज काढणाऱ्या डबीवर) स्वतःचा वेगळा नंबर असतो. तो यंत्राच्या नंबराशी जुळत नाही आणि जुळायचाही नसतो. काही जण दोन नंबर वेगळे दिसले म्हणून भाग बदललाय असं म्हणतात. ते चूक आहे.

एडिसनमध्ये आकड्याइतकंच रचना बघून साल काढता येतं. सुरुवातीच्या यंत्रात नळकांडं ज्याच्यावर चढतं त्या मँड्रेलच्या उजव्या टोकाला आधाराचं एक छोटं फाटक असे; नळकांडं काढा-घालायला ते उघडावं लागे. १९०५ च्या अखेरीस आलेल्या मॉडेल बी पासून ते फाटक गेलं. १९०८ च्या ऑक्टोबरात चार मिनिटांची अँबेरॉल नळकांडी आली, इंचाला २०० खाचांची; जुनी दोन मिनिटांची इंचाला १०० खाचांची होती. त्यामुळे तेव्हापासूनच्या यंत्रांत दोन्ही वेगांचे गिअर आले. तुमचं यंत्र कुठलं हे पाहायला नळकांडं लागत नाही. मँड्रेल हाताने १०० वेळा फिरवा आणि कॅरेज किती सरकलं ते पट्टीने मोजा. एक इंच सरकलं तर दोन मिनिटांचं, अर्धा इंच सरकलं तर चार मिनिटांचं. रिप्रोड्यूसरवर सी असेल तर तो दोन मिनिटांच्या नळकांड्यांसाठी, एच असेल तर चार मिनिटांच्या, के असेल तर दोन्ही.

सदाशिव पेठेतल्या एका स्नेह्यांच्या वाड्यात पेटी नसलेलं नुसतं वरचं यंत्र सापडलं होतं, तेव्हा हेच केलं. पाटीवर नॅशनल फोनोग्राफ: १८९६ ते १९११. आकड्याआधी एस: स्टँडर्ड. फाटक नाही, आणि काढल्याची भोकंही नाहीत: १९०५ च्या अखेरीनंतर. १०० फेऱ्यांत एक इंच, दुसरा गिअर नाही: १९०८ च्या ऑक्टोबरच्या आधीचं. रिप्रोड्यूसर सी, तोही जुळतो. अनुक्रमांकातले दोन आकडे गंजाने खाल्ले होते, पण त्यांची गरजच पडली नाही. १९०५ ची अखेर ते १९०८ चा शरद, एवढी तीन वर्षांची मर्यादा रचनेनेच दिली.

साउंडबॉक्सची चौकशी

साउंडबॉक्स हा सर्वात जास्त वेळा बदलला गेलेला भाग. तरी तो काळ चांगला सांगतो. एक्झिबिशन नावाचा, अभ्रकाच्या पडद्याचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पुढची जवळपास वीस वर्षं. एचएमव्हीचा दोन नंबर १९२१ च्या सुमाराचा, चार नंबर १९२५ च्या सुमाराचा, दोन्हींत अभ्रकच. पाचची मालिका, म्हणजे ५ए आणि ५बी, १९२७ पासून, पडदा ॲल्युमिनियमचा. आता जर कुणी १९०५ चा म्हणून भोंग्याचा ग्रामोफोन दाखवला आणि त्याच्या तोंडाला चार नंबरचा साउंडबॉक्स असेल, तर निदान साउंडबॉक्स तरी नंतरचा आहे, एवढं तिथल्या तिथे समजतं.

पाठ पिळून उघडू नका. पाठीमागचा भाग बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो आणि त्यात शिशासारखी भेसळ राहिली असेल तर वर्षांनुवर्षं तो आतून फुगतो, भेगाळतो. पावसाळ्यातल्या दमटपणाने ते वाढतं. स्क्रू थोडा जोर लावून फिरवला की तुकडा हातात येतो आणि नंबर असलेली कड दोन भागांत जाते.

बनावट आणि जोडाजोड

पितळी भोंगा, चौकोनी किंवा अष्टकोनी पेटी, समोर कुत्र्याची पाटी: अशी नवी बनवलेली यंत्रं देशभर विकली जातात. आत मोटर मात्र खरी जुनी असते, एखाद्या मोडक्या पोर्टेबलमधून काढलेली. त्यामुळे मोटरवरचा नंबर अस्सल निघतो आणि घेणारा फसतो. मी पाहिलेल्या एका यंत्रात मोटर स्विस, साउंडबॉक्स एचएमव्हीचा, टोनआर्मवर काहीच नाही, आणि मोटरच्या फळीला चार स्क्रू अधिक चिन्हाच्या डोक्याचे. तो स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात आला. भोंग्याच्या ग्रामोफोनच्या काळात तो कुणी पाहिलेलाही नव्हता.

नकली पाटीवरचे आकडे ठोकलेले नसतात. पाटीसकट ओतलेले किंवा छापलेले असतात, सगळे सारख्या खोलीचे. भिंगाखाली ठोकलेल्या आकड्याच्या कडेला धातू किंचित वर सरकलेला दिसतो, ओतलेल्याला तो नसतो. पाटीच्या मागे काय आहे तेही पाहा: जुन्या लाकडावर पाटीखालचा तुकडा आजूबाजूपेक्षा फिका किंवा गडद राहिलेला असतो. सगळीकडे एकसारखं नवं पॉलिश असेल तर पाटी नंतर बसवली.

मुलामा बघा. निकेलची झाक किंचित पिवळसर, उबदार. क्रोमची निळसर, थंड. क्रोम मुलामा व्यवहारात आला १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. स्क्रूचे आटेही बोलतात. ब्रिटिश यंत्रात बारीक स्क्रू बीए (ब्रिटिश असोसिएशन) मापाचे, स्विस आणि जर्मन यंत्रात मेट्रिक. बोहरी आळीत जुने स्क्रू घेऊन जा, तिथले अनुभवी दुकानदार आटे नुसत्या नजरेने सांगतात. ब्रिटिश पेटीला सगळे मेट्रिक स्क्रू निघाले तर मोटर कुणाची याचा पुन्हा विचार करा. तशी मोटर स्विस असणं हा दोष नव्हे. इथल्या सुतारांनी पेटी बनवून आत स्विस मोटर बसवलेली यंत्रंही आपल्याकडे होती, आणि ती त्यांच्या जागी अस्सलच.

निष्कर्ष कसा लिहायचा

एका कागदावर भागांची नावं एकाखाली एक लिहा: पेटी, मोटर, टर्नटेबल, टोनआर्म, साउंडबॉक्स, भोंगा. प्रत्येकासमोर दोन साल लिहा. पहिलं, याच्या आधीचा नाही. दुसरं, याच्या नंतरचा बहुधा नाही. सगळ्या ओळींची मर्यादा जिथे एकमेकींवर येते तो यंत्राचा काळ. एखादी ओळ बाहेर पडली तर तो भाग बदललेला. दोन-तीन ओळी बाहेर पडल्या तर यंत्र जोडाजोडीचं, आणि मग त्याला एकच साल देऊ नका, भागवार द्या. विकताना तर मुळीच देऊ नका.

उदाहरणार्थ मागच्या वर्षी आलेलं एक पोर्टेबल. मॉडेल १०२: १९३१ नंतर. मुलामा क्रोमचा: जुळतो. साउंडबॉक्स ५बी: जुळतो. मोटरच्या पट्टीवर ओरखडलेली दुरुस्तीची तारीख, मार्च १९४९. झाकणात पुण्याच्या दुकानाची चकती. म्हणजे यंत्र १९३१ ते १९४९ मधलं, आणि १९४९ पर्यंत ते दुरुस्तीला येण्याइतकं वाजलेलं. मी एवढंच लिहून दिलं. त्यांना १९३५ हवं होतं, कारण त्या वर्षी त्यांच्या आजीचं लग्न झालं होतं. ते खरं असूही शकेल, पण तशी नोंद त्यांनी आजीच्या आठवणीच्या नावाने स्वतंत्र लिहावी, नंबरांच्या नावाने नाही.

सगळे फोटो, पेन्सिलीच्या छापा आणि हा कागद एका लिफाफ्यात घाला. लिफाफ्यावर तुम्ही वाचन केल्याची तारीख टाका. मग तो मोटरच्या फळीखाली, गव्हर्नरच्या फिरत्या गोळ्यांना लागणार नाही अशा कोपऱ्यात, पेटीच्या आतल्या भिंतीला दोऱ्याने बांधून ठेवा. डिंक किंवा सेलोटेप लावू नका. त्याने लाकडावरच्या जुन्या खुणा उखडतात.